सरकारी नोकरी सोडून बाग आणि होमस्टे : हिशेब कुठे चुकतोय?

ओसरी

नमस्कार मंडळी. आकडे सगळे देते, म्हणजे उत्तरंही आकड्यांतच येतील.

वय ३४. राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक, २०१४ पासून. पोस्टिंग चिपळूण. हातात ४३,००० येतात, पेन्शन एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजना). मिस्टर ३७ वर्षांचे, लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायम, नऊ वर्षं झाली, हातात २८,०००. महिन्याचा खर्च ३८,०००, त्यात ८,५०० घरभाडं. मुलगी दुसरीत. एसआयपी १५,०००, म्युच्युअल फंडात जमा ४ लाख, ठेवी साडेसहा लाख. कर्ज नाही.

गाव गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत. सासऱ्यांच्या वाट्याचं जुनं कौलारू घर, ४५ हापूसची कलमं (तीस-पस्तीस वर्षांची) आणि साठेक काजू. बाग करारावर दिलेली, वर्षाला ४०,००० मिळतात. सातबारावर अकरा नावं.

बेत असा: घराच्या मागच्या बाजूला तीन खोल्या काढून होमस्टे, अंदाजे १२ लाख, पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) कर्ज. बाग स्वतः करायची. मी पुढच्या मार्चमध्ये राजीनामा द्यायचा. पंचेचाळिशीला दोघांपैकी कुणालाही पगाराची गरज राहू नये, हे ध्येय.

नोकरी सोडण्याआधी हातात किती असावं, कोणतं काम आधी, आणि सोडायचीच तर कुणी? "सरकारी नोकरी कुणी सोडतं का" हे घरी रोज ऐकते आहे, ते सोडून बोला.

जावकनोंद

ताई, फक्त सेवानियमांपुरतं लिहितो. बागेचं जाणकार सांगतील.

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यात लाखांचा फरक पडतो. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनामा दिला की गतसेवा जप्त होते. एनपीएसवाल्यांना २०२३ पासून सेवानिवृत्ती उपदान लागू झालं, तेही राजीनाम्याबरोबर गेलं. वीस वर्षांची सेवा भरल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तुमची वीस वर्षं २०३४ मध्ये भरतात, तेव्हा तुम्ही बेचाळीस-त्रेचाळीसच्या. तुमचं ध्येय पंचेचाळीसचं. म्हणजे नियम तुमच्या आड येत नाहीये, उलट दोन-तीन वर्षं आधीच दार उघडतोय.

एनपीएसमधून साठीच्या आधी बाहेर पडलं तर किमान ८० टक्के रकमेची वार्षिकी घ्यावी लागते, हातात २० टक्के. समजा खात्यात १२ लाख आहेत. २,४०,००० रोख मिळतील, ९,६०,००० वार्षिकीत जातील. साडेसहा टक्के दर धरला तर महिना ५,२०० रुपये, आणि तो आकडा महागाईबरोबर वाढत नाही. "एनपीएसचे पैसे होमस्टेत घालू" असा बेत असेल तर तो इथेच मोडतो. प्रान (एनपीएसचा खाते क्रमांक) मात्र तोच ठेवून खातं पुढे चालवता येतं, मोडायची सक्ती नाही.

तिसरी गोष्ट वर्तणूक नियम १९७९, नियम १६. पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-धंदा करता येत नाही. कुटुंबातलं कुणी धंदा करत असेल तर ते कार्यालयाला कळवावं लागतं. घरची शेती सांभाळायला हरकत येत नाही. होमस्टे मिस्टरांच्या किंवा सासूबाईंच्या नावावर असेल तर लेखी कळवून आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा. पण नाव त्यांचं, आणि बुकिंगचा फोन तुमचा, पैसे तुमच्या खात्यात, पाटीवर नंबर तुमचा, असं असेल तर एक निनावी अर्ज पुरेसा होतो, आणि गावात असा अर्ज करणारे असतातच. "बिनपगारी रजा टाकून दोन वर्षं बघते" हाही मार्ग नाही, असाधारण रजा धंद्यासाठी नसते.

जमेची बाजू अशी की २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वर्षाला ३० दिवस अर्जित रजा. गुहागर तालुक्यात विनंती बदलीचा अर्ज आजच टाका. मिळाली तर भाडं वाचेल आणि शनिवार-रविवार गावातच.

कलमबाग

४५ कलमांवर संसार चालत नाही, हे आधी लिहून ठेवतो. नंतर वाईट वाटायला नको.

जुन्या पद्धतीची लागवड दहा मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी शंभर झाडं. तुमची बाग साधारण ०.४५ हेक्टर. कोकणात हापूसची सरासरी उत्पादकता हेक्टरी अडीच-तीन टनांपुढे फारशी जात नाही. तुमच्या वाट्याला सव्वा टन धरू. अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर सुमारे ५,००० फळं. त्यातली सत्तर टक्के पेटीची, म्हणजे पाच डझनी ५८ पेट्या. उरलेला डागी, बारका, कॅनिंगचा. सरासरी डझनाला ४०० सुटले (सुरुवातीचा भाव डोळ्यापुढे ठेवू नका, मेच्या दुसऱ्या आठवड्याचा ठेवा) तर १,१६,०००. कॅनिंगचे पावणेचारशे किलो ३५ रुपयांनी १३,०००. एकूण १,२९,०००. फवारण्या, खत, गडी, राखण, पेट्या, पेंढा, वाहतूक मिळून ६५-७० हजार सहज जातात. उरले साठ हजार. करारावर आज ४०,००० काहीही न करता मिळतात. म्हणजे सगळा व्याप वीस हजारांसाठी, तेही पीक आलेल्या वर्षी. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढचं वर्ष रुसतो.

मग बाग परत घ्यायची कशाला? कल्टारसाठी. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध. त्याची शिफारस झाडाच्या घेराच्या व्यासाला मीटरमागे ३ मिली आहे (पंचवीस टक्के तीव्रतेचं औषध). आठ मीटर घेराच्या झाडाला २४ मिली, तुमच्या ४५ झाडांना मिळून लिटरभराच्या थोडं वर. १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात, बुंध्याभोवती घेराच्या निम्म्या अंतरावर गोलाकार २५-३० खड्डे पहारीने चार-पाच इंच खोल मारायचे, औषध तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळून सारखं वाटायचं आणि खड्डे बुजवायचे. त्याआधी बुंध्याखालचं गवत काढलेलं हवं, नाहीतर औषध गवतच पितं. जोराच्या सरीत घातलं तर वाहून जातं. अशक्त, खोडकिडा लागलेल्या झाडाला अजिबात नाही. करारवाल्याला दोन वर्षांत पैसे वसूल करायचे असतात. तो मात्रा दीडपट-दुप्पट करतो आणि खत घालत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी फांद्या आखूड पडतात, पालवी गुच्छासारखी येते, झाड दमतं. तुमच्या बागेत तसं दिसतंय का, ते या ऑक्टोबरच्या पालवीला जाऊन बघा. दिसत असेल तर दोन वर्षं कल्टार बंद आणि पुरं खत: दहा वर्षांवरच्या झाडाला ५० किलो शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश, पाऊस लागता लागता बुंध्यापासून दीड मीटरवर चर काढून.

पुढच्या करारात कल्टारची मात्रा आणि खत लिहून घ्या, आणि मुदत एका हंगामाची ठेवा. आपल्याकडे हे कुणी लिहून घेत नाही, म्हणून बागा मरतात.

स्वतः करायचीच झाली तर वेळापत्रक बघा. पैसा जुलैत जायला लागतो (कल्टार, खत, बेणणी), नोव्हेंबरला पालवी-बोंग्यांपासून फवारण्या चालू, तुडतुडे आणि भुरीसाठी पाच-सहा, मध्ये फुलकिडे आले तर वाढीव. मोठ्या झाडाला दहा-पंधरा लिटर द्रावण, म्हणजे एका फवारणीला पाच-सहाशे लिटर पाणी बागेत असायला हवं. टाकी कुठे, पंप कुणाचा? जानेवारीत मोहोरावर ढगाळ हवा आली की फवारणी त्याच दोन दिवसांत व्हायला लागते, शनिवारची वाट बघत बसता येत नाही. नोकरी करून बाग करणाऱ्यांची गाडी बहुतेक इथेच अडते. आणि पहिला पैसा एप्रिलमध्ये.

फळपीक विमा, आंबिया बहार, जरूर काढा. शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या ५ टक्के, मुदत साधारण नोव्हेंबरअखेर. पण तो तुमच्या बागेतलं नुकसान मोजत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद मोजतो. तुमच्याकडे अवकाळी पाऊस पडला आणि केंद्रावर नाही, तर भरपाई नाही. उलटही होतं, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. सामायिक सातबाराला सहहिस्सेदारांचं संमतिपत्र लागतं आणि ई-पीक पाहणीत झाडांची नोंद हवी.

माकडांचं काही लिहीत नाही. त्याचा विमा नाही.

सड्यावरची

होमस्टेच्या अंदाजात लोक दोन चुका करतात: वर्षाचे ३६५ दिवस धरतात आणि स्वतःच्याच नातेवाइकांना विसरतात.

हंगाम नोव्हेंबर ते मे. शनिवार-रविवारच्या साठ रात्री, दिवाळीच्या सुट्टीत आठ, नाताळात आठ, मेमध्ये आणखी वीस. साधारण ९५ रात्री. पहिली दोन वर्षं त्यातल्या पासष्ट टक्के भरल्या तर तीन खोल्या मिळून १८५ खोली-रात्री. समुद्र दिसत नाही, चालत पुळणीवर जाता येत नाही, त्यामुळे खोलीला २,००० च्या वर धरू नका. ३,७०,०००. खोलीत सरासरी अडीच माणसं, जेवण-नाश्त्यात माणशी अडीचशे सुटले तर १,१५,०००. एकूण ४,८५,०००.

खर्च: मदतीला बाई, आठ महिने दहा हजारांनी ८०,०००. वीज, गॅस, धुणं ६०,०००. दुरुस्ती ४०,०००. निम्मी बुकिंग साइटवरून आली आणि १५ टक्के कमिशन धरलं तर २८,०००. हातात २,७७,०००.

आता हप्ता. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला अनुदान २५ टक्के, स्वतःचे १० टक्के. महिलेला ३५ आणि ५. तुम्ही सेवेत असताना तुमच्या नावावर होणार नाही, मिस्टरांच्या नावाने धरू. १२ लाखांत तुमचे १,२०,०००, अनुदान ३ लाख, कर्ज उरतं ७,८०,०००. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं आणि मग कर्जात वळतं. धंदा मध्येच बंद पडला तर तेही जातं. ११ टक्क्यांनी सात वर्षं धरली तर हप्ता १३,३५०, वर्षाला १,६०,०००. मागे उरले १,१७,०००, म्हणजे महिना पावणेदहा हजार. तुमचा पगार ४३,००० आहे. एका कुटुंबातून एकालाच ही योजना मिळते, तेव्हा ती होमस्टेवर खर्च करायची की आंबा-काजू प्रक्रियेसारख्या दुसऱ्या धंद्यावर, हेही आधीच ठरवा.

जून ते सप्टेंबर बुकिंग जवळजवळ शून्य, हप्ता मात्र दर महिन्याला. चार हप्त्यांचे ५३,४०० मेच्या शेवटच्या आठवड्यात वेगळ्या खात्यात टाकायचे. न टाकणाऱ्यांचा ऑगस्टमध्ये हप्ता चुकतो आणि गणपतीत सावकार आठवतो.

नातेवाइकांचं. अकरा नावांमधले मुंबई-पुण्याचे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मेमध्ये येतात. मे म्हणजे तुमच्या मिळकतीचा चौथा हिस्सा. "आमच्याच घरात आम्हाला खोली नाही?" हा प्रश्न पहिल्याच मेमध्ये येतो. तो भांडणात सोडवू नका, खोल्या बांधायच्या आधी लिहून घ्या: जुन्या घरातली कुठली खोली कुणासाठी राहील, मेचे कुठले दिवस, बांधकामाचा खर्च कुणाचा, उत्पन्न कुणाचं.

बांधकामात जास्त लक्ष पाण्याला द्या. खोलीत चार माणसं धरली तर माणशी १३५ लिटरप्रमाणे तीन खोल्यांना रोज १,६०० लिटर. तेवढं पाणी एप्रिल-मेमध्ये विहीर देते का? या मेमध्ये सकाळी उपसा करून संध्याकाळपर्यंत किती भरते, ते मोजा. टँकरवर होमस्टे चालत नाही. दीड किलोमीटर आतही खारा वारा येतो. बिजागऱ्या, नळ, खिडक्यांच्या सळ्या पितळी, स्टेनलेस किंवा लाकडी घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटचं कॉइल तीन-चार वर्षांत खातं, त्यासाठीच दुरुस्तीचे चाळीस हजार धरलेत. जांभ्याच्या भिंतीला आतून गिलावा केला आणि बाहेरून उघडी ठेवली तर पावसात ओल आत उतरते. पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढा, नाहीतर दर जूनला झडपं बांधावी लागतील.

नोंदणी: निवास-न्याहारी योजना किंवा २०२० च्या धोरणाखाली कृषी पर्यटन, दोन्ही पर्यटन संचालनालयाकडे. जेवण देणार म्हणून अन्न सुरक्षा नोंदणी. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा. तुम्ही समुद्रापासून लांब आहात, पण भरतीचं पाणी येणारा पऱ्ह्या (ओढा) असला तरी प्रश्न येतो.

पहिल्या वर्षी तीन खोल्या नकोत. जुन्या घरातली एक खोली, एक न्हाणीघर, दीड-दोन लाख, कर्ज न काढता. दोन हंगाम. भरली तर पुढे जा.

ओसरी

सगळ्यांचे आभार. बाग आणि होमस्टे मिळून महिना पंधरा हजारही होत नाहीत, हे एका कागदावर कधी मांडलंच नव्हतं.

दोन प्रश्न. मिस्टरांनी सोडावी असं सगळेच सुचवतील, पण त्यांना माणसांची ये-जा आवडत नाही, बागेत रस आहे. आणि पंचेचाळिशीसाठी नेमका किती पैसा लागेल?

हिशेबाची वही

आधी आकडा. वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट हा हिशेब सगळीकडे फिरतो. तो विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडला. तुम्हाला पंचेचाळिशीपासून चाळीसेक वर्षं काढायची आहेत, महागाई इथली. तेहतीस पट धरा. गावी राहिलात तर भाडं जाऊन खर्च २९,५००, वर्षाचे ३,५४,०००. तेहतीस पट म्हणजे आजच्या भावाने १ कोटी १७ लाख. अकरा वर्षांनी, सहा टक्के महागाईने, तोच आकडा २ कोटी २२ लाख.

आता तुमची गाडी कुठे पोचते. १५,००० ची एसआयपी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवली, परतावा दहा टक्के मिळाला, तर अकरा वर्षांत ५५ लाख. आजचे चार लाख वाढून बारा. मिळून ६७. म्हणजे तीस टक्के. हीच एसआयपी आजपासून ३०,००० केली तर १ कोटी २२ लाख, पंचावन्न टक्के. दोघांचे पगार ७१,०००, खर्च ३८,०००, मागे ३३,००० राहतात. म्हणजे शक्य आहे, फक्त ओढाताण होईल.

उरलेले पंचेचाळीस टक्के म्हणजे आजच्या भावाने महिना सुमारे १३,३००. ते बाग आणि होमस्टेने द्यायचे. सड्यावरचीने हप्ता जाऊन पावणेदहा दाखवलेत, कर्ज फिटल्यावर तेवीस होतात. बागेचे तीन-पाच हजार वेगळे. म्हणजे पंचेचाळिशीला तुमचं गणित बसतं, पण अकरा वर्षं पगार चालू ठेवून. पुढच्या मार्चला राजीनामा दिलात तर एसआयपीची तीस हजारांची जागा बंद होते आणि उत्पन्नाचा तेवढा भाग कर्जाच्या धंद्यावर उभा राहतो. मी पगाराला सुरक्षितता म्हणत नाही, या सगळ्या धंद्याचं खेळतं भांडवल तोच आहे. कुठलीही बँक दर महिन्याला बिनव्याजी ४३,००० देत नाही.

मिस्टरांचं. नऊ वर्षं झाली आहेत. ईपीएसची (भविष्य निर्वाह निधीबरोबरची पेन्शन योजना) पेन्शन मिळायला दहा वर्षं लागतात, आत्ता सोडली तर ते हातचं जाईल. वर्षभर थांबा. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर मिळतेच: मूळ पगार अधिक महागाई भत्ता २०,००० असेल तर त्याचे १५ भागिले २६ गुणिले वर्षं, दहा वर्षांचे सुमारे १,१५,०००. त्यांना बागेत रस असेल तर दहावं वर्ष भरल्यावर त्यांनी सोडावी. त्याआधी एक वर्ष त्यांच्या पगारातला एक रुपयाही न वापरता घर चालवून बघा. ४३,००० मध्ये ३८,००० चा खर्च भागतो, पण एसआयपी पाच हजारांवर येते हे लक्षात घ्या. म्हणून बदली आणि भाडं वाचणं महत्त्वाचं. तुमच्या पगाराला आधार आहे, त्यांच्या पगाराला कारखाना बंद पडण्याची जोखीम आहेच.

हातात ठेवायची रक्कम: बारा महिन्यांचा खर्च, साडेचार लाख, ठेवीत, आणि ती खोल्यांना लावायची नाही. शिवाय वेगळा आरोग्य विमा. तुमची वैद्यकीय प्रतिपूर्ती आहे तोवर ठीक, ती गेली की नवीन पॉलिसीला आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या.

धक्क्यावरचा

वहीवाल्यांचं गणित बरोबर, पण त्यात एक लपलेलं गृहीतक आहे: अकरा वर्षांनी उमेद एवढीच असेल. सरकारी नोकरीत दहाव्या वर्षीचा कंटाळा आणि विसाव्या वर्षीचा कंटाळा सारखा नसतो. आणि बेचाळिशीत पहिल्यांदा धंदा करणाऱ्याच्या चुका महाग पडतात, कारण चूक सावरायला वर्षं कमी. म्हणून चुका आत्ताच, लहान करायच्या.

माझ्या मते आंबा आणि खोल्या, दोन्हींपेक्षा साठ काजूकडे बघा. बी विकू नका, गर विका. मिस्टरांना माणसं नकोत, त्यांना हे जमेल. लहान युनिट: बी वाफवायचा बॉयलर, हाताने चालवायचे कटर, ड्रायर, सोलणी आणि प्रतवारीचं टेबल. पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रियेला प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे.

गणित: शंभर किलो बीतून पंचवीस किलो गर, वेंगुर्ला ४ किंवा ७ चं चांगलं बी असेल तर थोडा जास्त. १० टन बी किलोला १३० ने १३ लाख. गर अडीच टन, तुकडा-पाकळी धरून सरासरी ७०० ने साडेसतरा लाख. मजुरी, वीज, पॅकिंग अडीच लाख. सुटतात दोन लाख, त्यातून व्याज. बीचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला तर निम्मा नफा गेला. युनिट बंद पडतात ती मशीनमुळे नाही. बी मार्च ते मेमध्ये येतं, वर्षभराचं त्याच तीन महिन्यांत घ्यावं लागतं, आणि तेवढं खेळतं भांडवल नसतं. मग जुलैत व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घेतात. दुसरं, बी नीट वाळवलं नाही (दाताखाली आणि हलवून वाजेपर्यंत, ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर) तर पावसाळ्यात पोत्यात बुरशी धरते आणि गर पिवळट पडतो, प्रत दोन पायऱ्यांनी उतरते.

म्हणून पहिल्या वर्षी मशीन नको. घरचं आणि वाडीतलं मिळून एक टन बी घ्या, १,३०,०००. दुसऱ्याच्या युनिटवर मजुरीने फोडून घ्या आणि अडीचशे किलो गर स्वतः विकून बघा. विकला गेला तर धंदा आहे. उरला तर नातेवाइकांना दिवाळी.

हिशेबाची वही

उमेदीचा मुद्दा मान्य, तो वहीत मांडता येत नाही. पण एक टन बीचा प्रयोग पगार चालू असतानाच करायचा आहे ना? मग आपण एकच सांगतोय.

ओसरी

ठरलं तर मग: राजीनामा नाही, एक खोली, एक टन बी, बदलीचा अर्ज. मिस्टर दहा वर्षं पुरी करतील. शेवटचं, सातबारावरच्या अकरा नावांचं काय करू? सगळ्यांनी तिथेच बोट ठेवलंय.

जावकनोंद

तेच सगळ्यात आधी, एक खोली काढण्याच्याही आधी. सामायिक जमिनीवर बँक सगळ्यांच्या संमतीशिवाय कर्ज देत नाही, आणि आज हो म्हणणारा काका कर्ज मंजूर झाल्यावर वाटा मागतो.

अकरा नावांची वंशावळ काढा, कोण हयात, कोण नाही. मयतांच्या वारसांची नोंद झाली आहे का ते बघा, नसेल तर पहिला फेरफार वारसाचा. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि नणंदा धरायच्याच, त्यांचाही हिस्सा आहे. त्यांना "सही करून टाका" म्हणून भागत नाही. त्यांनी सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, साध्या कागदावरचं चालत नाही. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) किंवा कुळाची नोंद असेल तर ते वेगळं प्रकरण, आधी तलाठ्याकडून सगळे जुने फेरफार काढून वाचा.

सगळे तयार असतील तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. कुणी अडला तर दिवाणी दावा, आणि मग वर्षांची भाषा. सगळे मिळणार नाहीत असं वाटत असेल तर पूर्ण वाटपाचा हट्ट सोडा, फक्त घर, त्याची मागची जागा आणि विहिरीकडची वाट एवढ्यापुरतं नोंदणीकृत वाटणीपत्र करा. विहिरीचं पाणी आणि वाट शब्दात लिहा, नकाशात दाखवा. नंतरचे तंटे जमिनीपेक्षा यावरच होतात.

सह्यांसाठी गणपतीचे दिवस धरा, सगळे गावात असतात. कागदाचा मसुदा आणि प्रत्येकाच्या आधारची प्रत त्याआधी तयार ठेवा आणि दुय्यम निबंधकांकडे त्या आठवड्यातली वेळ आधी घेऊन ठेवा, सुट्टीचे दिवस वगळून. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे लगेच टाकलात तर तारीख दिवाळीनंतर पडेल. तेव्हा गवत कापलेलं असतं, बांध दिसतात. पावसाळ्यातली मोजणी घेऊ नका, खुणा सापडत नाहीत आणि परत फी भरावी लागते. फेरफार नोंदवल्यावर हरकतीची नोटीस पंधरा दिवसांची असते. ती मुदत संपून नोंद प्रमाणित झाल्याचा सातबारा हातात आला की मग गवंड्याला बोलवा.

ओसरी

वंशावळ काढायला घेतली. अकरातले चार मयत निघाले, आणि दोन आत्यांची नावं कुठेच नाहीत.

जावकनोंद

मग अकरा नाहीत. मयतांचे वारस आणि दोन आत्या धरून पुन्हा मोजा, आणि आत्यांना गणपतीचं निमंत्रण आत्ताच पाठवा.